उंदरांना ऐकू जाऊ नये म्हणून

तातेरावाला पाहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, या गड्याला भीती म्हणजे काय हे कुणी शिकवलंच नाही. आमच्या शाळेच्या दारातून आत यायला तो सातवीतच वाकायचा, आणि मास्तरांना वाटायचं पोरगं फार नम्र आहे. सरकीचं पोतं एका दमात पाठीवर घ्यायचा. वडीगोद्रीच्या बाजारात बिथरलेला गोऱ्हा त्यानं शिंगं धरून खाली बसवलेला मी या डोळ्यांनी पाहिला. आणि हाच तातेराव उंदीर दिसला की बाजेवर उडी मारायचा. बाज मोडायची. वर्षाला दोन तरी मोडायच्या, आणि गावचा सुतार म्हणायचा, "तातेराव हाय तवर मला काम हाय."

वडीगोद्रीपासून दोन कोस आत आमचं गाव. तेव्हा आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो, जालना जिल्हा पुढं झाला. घरं सगळी मातीची, वर माळवद. अशा घरात उंदीर मालकीनं राहतात आणि माणसं भाड्यानं, असं आमचे वडील म्हणायचे. भिंतीत उंदीर, तुळईवर पाल, आढ्यात विंचू, बाजेत ढेकूण. यातून जी जागा उरायची तिच्यात आम्ही संसार केले. विंचवाला उतारा होता, ढेकणाला रॉकेल होतं, पाल तर पाहुणे येणार म्हणून बोलायची. उंदराला मात्र काही नव्हतं. त्याला मामा म्हणायचं आणि गप बसायचं.

तातेरावाच्या भीतीला मूळ होतं. सहा-सात वर्षांचा असताना तो एका सकाळी उठला तर डाव्या टाचेची कातडी गायब. अंथरुणाला रक्त, आणि पोराला पत्ताच नाही. उंदीर फुंकर घालतो आणि कुरतडतो, पुन्हा फुंकर घालतो आणि कुरतडतो, म्हणून दुखत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. त्याची आई चांगुणाबाई हिनं टाचेत हळद दाबली आणि लेकराला समजावलं, "बघ बाबा, किती मयाळू हायेत मामा. फुंकर घालून खाल्लं. माणसं खातेत ती बिगर फुंकरीची." या समजावणीनं पोरगं कायमचं बिघडलं. तो मला म्हणायचा, "चावणाराला मी भीत न्हाई रे. चावल्यालं कळत न्हाई, त्याला भेतो."

पुढं त्यानं जालन्याच्या जुन्या बाजारातून एका पोलिसाचे टाकाऊ बूट आणले आणि रोज ते घालून झोपायला लागला. दिवसा अनवाणी, झोपताना बूट. लग्न झाल्यावरही त्यानं ते सोडले नाहीत. त्याची बायको दुर्गाबाई विहिरीवर बायकांना सांगायची, "मी नवऱ्याजवळ झोपती का ठाण्यात, तेच कळंना." पाच वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, त्याचंही खापर गावानं बुटांवर फोडलं. काय काय बोलायचे लोक ते इथं लिहीत नाही, पण त्यातलं निम्मं मीच पसरवलं होतं.

दुर्गाबाई नेमकी उलटी. उंदीर शेपटीला धरून उचलायची, उखळावर एकदा आपटायची आणि हात न धुता पीठ मळायला बसायची. घनसावंगीकडची होती ती. आई आणि एकुलता भाऊ मच्छिंद्र, एवढंच माहेर. मच्छिंद्र गुऱ्हाळावर गुळव्या होता. कढईतला पाक नुसता बोटावर घेऊन सांगायचा, आता उतरवा म्हणून. गोडाचा पक्का आणि चेष्टेचा त्याहून पक्का. तातेरावाच्या लग्नात कानपिळीची वेळ आली. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि मानपान घेतो, ती. मच्छिंद्रनं कान धरला, तोंड कानाशी नेलं आणि हळूच म्हणाला, "चूं." मुंडावळ्या बांधलेला सहा फुटी नवरदेव पाटावरून उठला तो मांडवाच्या मेढीला धडकला. वाजंत्रीवाल्यांना वाटलं, इशारा झाला. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मी इतका हसलो की मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून मच्छिंद्र सणावाराला आला की दाजींसाठी काहीतरी घेऊनच यायचा. कधी सुतळीला बांधलेला मेलेला उंदीर, कधी नुसती शेपटी. तिला तो वाण म्हणायचा. आम्हीही मागं नव्हतो. मी एकदा तातेरावाच्या बंडीच्या खिशात विडीच्या बंडलाशेजारी शेपटी ठेवली. फार मजा आली. आता खोटं कशाला बोलू.

बहात्तरच्या दुष्काळात माणसांना रेशनची लाल मिलो ज्वारी तरी मिळायची, उंदरांना तीही नाही. ते गेले कुठं कुणास ठाऊक. त्र्याहत्तरला पाऊस बरा झाला, कणग्या भरल्या, आणि चौऱ्याहत्तरच्या संक्रांतीला ते लेकुरवाळे होऊन परत आले. जातं ओढलं तर खालून पिलं. कंदिलाची वात खाल्लेली. चांगुणाबाईच्या पिशवीतला तंबाखू खाल्लेला. तातेराव आता दिवसासुद्धा बूट काढेना.

संक्रांतीच्या आधी दुर्गाबाईनं त्याला ओट्यावर, चारचौघांत सांगितलं, मीही होतो तिथं. "ऐका. एक तर बूट काढा, न्हाई तर उंदरं काढा. संक्रांतीनंतर मच्छिंद्र मला न्यायला येऊन राह्यलाय. दोन्हीतलं एक झालं नसलं तर मी जाईन ती परत येणार न्हाई."

"आगं, चारचौघांत..." तातेराव म्हणाला.

"चारचौघांतच बरं. घरात बोललं तर तुमचे सोबती ऐकतेत."

लोक हसले. पण तातेरावाचं तोंड एवढंसं झालं. बायकोवर त्याचा फार जीव होता. तिच्यासाठी बाजारातून बांगड्या आणताना माप म्हणून तो आपली दोन बोटं न्यायचा आणि बराबर आणायचा. ती जाईल या विचारानं त्याला दोन दिवस भाकर गोड लागली नाही, हे मला चांगुणाबाईनं सांगितलं.

तेवढ्यात ग्रामसेवकानं उंदरांच्या औषधाच्या पुड्या वाटल्या. काळी, राखेसारखी पूड. आणि इथं आमच्याकडचा एक नियम सांगायला पाहिजे, नाही तर पुढचं कळायचं नाही. घरात इख घालायचं असेल तर त्याचा शब्द घरात काढायचा नाही. उंदीर ऐकतो. ऐकला की इखाला शिवत नाही, उलट डूख धरतो. कुंभारवाड्यातल्या एका बाईनं चुलीपाशी नवऱ्याला म्हटलं, उद्या औषध आणा. सकाळी तिच्या लग्नातल्या शालूची चाळणी, शेजारच्या जुन्या लुगड्याला मात्र दात नाही. यावर काय बोलणार? म्हणून ज्यानं इख घालायचं त्यानं मुकाट घालायचं, आणि घरच्यांना सांगायचं तर घराबाहेर, लांब नेऊन, कानात सांगायचं. शिकलेसवरलेले लोकसुद्धा हा नियम पाळायचे. आमचे मास्तर पाळायचे.

संक्रांतीनंतरच्या तिसऱ्या दिवशी दुर्गाबाई आणि चांगुणाबाई हळदी-कुंकवाला गेल्या. घर मोकळं सापडलं. तातेरावानं तिळगुळाच्या मडक्यातून मूठभर तीळ-गूळ काढला, त्यात तेल घातलं, पुडी रिकामी केली आणि आठ लाडू वळले. मामा खवय्ये असतात, शिळ्या भाकरीला फसत नाहीत, म्हणून त्यानं जीव ओतून वळले. ॲल्युमिनियमच्या, आम्ही जर्मनची म्हणायचो, त्या ताटलीत मांडून ताटली कणगीपाशी ठेवली. बायका परत येताना वाटेतच गाठून कानात सांगायचं, असा त्याचा बेत. मग तो परसात राखेनं हात घासायला गेला.

आणि मच्छिंद्र आला. एक दिवस आधीच आला. वेशीपाशी मला भेटला, मी त्याच्याबरोबर आलो. मी ओट्यावर टेकलो. तो बहिणीच्या घरात आपल्याच घरासारखा वावरायचा. टोपी खुंटीला लावायला म्हणून आतल्या खोलीत गेला आणि हातात ताटली घेऊन तोंड हलवत ओट्याच्या दारात आला.

"घ्या," मला म्हणाला. "पण पाक कच्चा राह्यलाय. आन् दुर्गीनं लसणाच्या हातानं वळलेत वाटतं."

मी हात पुढं करणार, तेवढ्यात आत, परसाच्या दारात तातेराव उभा. कोपरापर्यंत राख. त्यानं ताटली पाहिली, मच्छिंद्रचं हलणारं तोंड पाहिलं, आणि त्याचे डोळे असे झाले की मी आजवर तसे डोळे पाहिले नाहीत. त्यानं तोंड उघडलं. मग कणगीकडं बघितलं आणि मिटलं.

मग त्यानं हातवारे सुरू केले. दोन्ही हात नाही नाही म्हणून हलवले. बोटांच्या मिशा केल्या. पोटावर हात ठेवून डोळे पांढरे केले. जीभ बाहेर काढली. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाची आम्ही दहा वर्षं चेष्टा केली तो असं करू लागल्यावर आम्ही काय समजावं? आम्ही समजलो, खोलीत उंदीर दिसला. मच्छिंद्र पोट धरून हसला. मीही हसलो.

"दाजी, मामा आले का घरात? बसवा त्यांना, तिळगूळ देऊ." असं म्हणून त्यानं दुसरा लाडू उचलला. तातेरावानं झडप घातली. मच्छिंद्रनं लाडू अख्खाच तोंडात टाकला आणि भरल्या तोंडानं म्हणाला, "तिळगूळ घ्या, गोड बोला. बोला की दाजी. सणाचं काहीतरी बोला."

तातेराव बोलला नाही. त्यानं मेव्हण्याच्या हातातली ताटली ओट्यावर सरकवली, त्याला दंडाला धरलं आणि ओढत दाराबाहेर काढलं. मच्छिंद्र हसत हसत पाय रोवायचा, दाराची चौकट धरायचा, कुस्ती समजून. ओट्यावरून, गल्लीतून, मारुतीच्या पारापलीकडच्या लिंबापर्यंत त्यानं त्याला फरपटत नेलं. चांगली शंभर पावलं. वाटेत पोरं टाळ्या वाजवत होती. लिंबाखाली तातेरावानं मागं वळून घराकडं पाहिलं, मेव्हण्याच्या कानाला तोंड लावलं आणि सांगितलं, "इख हाय त्यात."

मच्छिंद्रनं काय करावं? तो आणखी हसला. "वा दाजी," म्हणाला, "कानपिळी फेडून राह्यले का?"

तातेराव शपथा घेत होता, आईची, बैलाची, आणि मच्छिंद्र त्याच्या पाठीवर थापा मारत होता. पारावर बसून त्यानं चहा मागवला. अर्धा तास असाच गेला. मीही तिथंच होतो, चहा मीही प्यालो. मग मच्छिंद्र एकाएकी हसायचा थांबला आणि पोटावर हात ठेवून वाकला. त्याच्या तोंडाला लसणासारखा वास यायला लागला, तेव्हा माझ्या हातातली कपबशी खाली ठेवली मी.

बायका धावत आल्या. चांगुणाबाईनं दुकानदाराकडून शेरभर तूप आणलं आणि इखाला तूपच उतार म्हणून जबरदस्तीनं पाजलं. अर्ध्या गावानं त्याचे हातपाय धरले होते. दुर्गाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि म्हणत होती, "पी माझ्या राजा, जल्दी पी." गाडी जुंपून वडीगोद्रीला नेलं, तिथून मिळेल त्या मोटारीनं अंबडला. डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, काय पाजलं. तूप म्हटल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. या औषधाला तूप-तेल म्हणजे घोड्यावर बसवून आत नेणं, असं म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी मच्छिंद्र गेला. सव्वीस वर्षांचा होता.

फौजदार पंचनाम्याला आले, ते पुण्याकडचे. सरळ, सभ्य माणूस. त्यांनी तातेरावाला समोर बसवलं.

"लाडू हातात पाहिला तेव्हा तोंडानं का नाही सांगितलं?"

"घरात कसं सांगू साहेब? उंदरं ऐकतेत."

फौजदारांना वाटलं, आरोपी वेड्याचं सोंग करतोय. त्यांनी आवाज चढवला. तेव्हा सरपंच अण्णासाहेब पुढं झाले. "बराबर सांगून राह्यलाय साहेब तो. ऐकतेत." पोलीस पाटील म्हणाले, ऐकतात. मास्तर म्हणाले, शास्त्रीयदृष्ट्या सांगता येणार नाही, पण ऐकतात. शेवटी फौजदारांनी आपल्या हवालदाराकडं पाहिलं. हवालदार तीर्थपुरीचा. तो खाली बघत म्हणाला, "आमच्याकडं पण न्हाई बोलत साहेब घरात." फौजदारांनी पेनाचं टोपण लावलं. अपघात असं लिहिलं गेलं, आणि तातेराव सुटला.

उरलेले सहा लाडू पंचनाम्यापर्यंत ओट्यावर ताटलीतच पडून होते. दोन दिवस. एकालाही उंदरानं दात लावलेला नव्हता. यावर पारावर मोठी चर्चा झाली. कडूबा पैलवानाचं म्हणणं पडलं की लिंबाच्या ढोलीत एखादा बसलेला असणार, त्यानं ऐकलं आणि घरी कळवलं. तातेरावानं आणखी लांब, पार ओढ्यापलीकडं न्यायला पाहिजे होतं. सगळ्यांना हे पटलं. मलाही पटलं. दोन-चार जण तर तातेरावाला तोंडावर म्हणाले, "एवढं केलं तर मंग अजून शंभर पावलं चालला असता." तो मान हलवायचा. म्हणायचा, "चुकलंच ते."

दुर्गाबाई तेरा दिवस माहेरी राहिली. ती परत येणार नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. चौदाव्या दिवशी ती आली. आईनं तिला सांगितलं होतं, कमावता गेला, आता मलाच तुझ्या चुलत्याच्या ओसरीवर राहायचंय, तुला कुठं ठेवू. तातेराव वेशीपर्यंत सामोरा गेला. बूट त्यानं दोन दिवस आधीच विहिरीत टाकले होते, संक्रांतीआधी तिनं काढा म्हटलं होतं म्हणून. अनवाणी पाय तिला दिसावेत म्हणून तो जरा पुढं पाय टाकून उभा राहिला. तिनं पायांकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं.

"तोंड नव्हतं का?" तिनं विचारलं.

"ऐकलं असतं त्यांनी," तो म्हणाला.

बस. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. रुसवा नव्हता तो. रुसलेली बाई आदळआपट करते, ताट सरकवते. हिनं काहीच केलं नाही. वेळेवर भाकर, वेळेवर पाणी, आजारी पडला तर शेक. सासूशी बोलायची, शेजाऱ्यांशी बोलायची, बैलांशी तर फारच बोलायची. त्याला काही सांगायचं झालं तर हातानं दाखवायची. जेवायला म्हणजे बोटं तोंडाकडं. बाजाराला म्हणजे पिशवी समोर. आम्ही पहिल्यांदा फार हसलो. गावात पोरं त्या खुणांची नक्कल करायची आणि आमच्यापैकी काही बापे पोरांना शिकवायचेही. मग तीही चेष्टा जुनी झाली.

तातेराव मात्र वाळत गेला. पोतं उचलेना. एकोणऐंशी साल असावं, एक दिवस त्यानं मला मळ्यात गाठलं.

"माझं एक काम कर," म्हणाला. "तिला इच्यार. तिला काय वाटतं, मी मुद्दाम केलं का? तेवढंच इच्यार. मुद्दाम केलं असं वाटत असंल तर मी जाऊन नदीत पडतो, गोदावरी काय लांब न्हाई. पण कळाया तर पाहिजे."

मी गेलो. दुर्गाबाई भाकरी थापत होती. मी विचारलं, "वैनी, तुम्हाला काय वाटतं? तातेरावानं मुद्दाम केलं?"

तिचा हात थांबला नाही. "न्हाई भावजी. बिलकुल न्हाई. मला पहिल्या दिवशीपासून ठावं हाय, मुद्दाम न्हाई केलं."

"मंग बोलत का न्हाई?"

"मुद्दाम केलं असतं तर बोलले असते," ती म्हणाली. तव्यावरची भाकर उलटली. "शिव्या दिल्या असत्या, तोंडात माती घातली असती, आन् नांदले असते. माझ्या भावानं त्याची थट्टा केली, त्यानं डाव साधला, हे मला समजलं असतं. वैर माणसामाणसांत ऱ्हातं. ह्यानं माझा भाऊ एका बाजूला ठेवला, उंदरं एका बाजूला ठेवली, आन् उंदरांचं भ्या जास्त भरलं. आता अशा माणसाला काय बोलू, तुमीच सांगा."

मी बाहेर आलो. तातेराव गल्लीच्या तोंडाशी उभा होता, धोतराचा सोगा हातात गोळा करून.

"काय म्हणली?"

मी निम्मं सांगितलं. "म्हणली, मुद्दाम न्हाई केलं. पहिल्या दिवशीपासून ठावं हाय म्हणली."

त्याचा चेहरा काय उजळला म्हणता. मला त्यानं कवेत घेतलं, बरगड्या कडकडल्या माझ्या. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगू लागला, दुर्गीला ठावं हाय, तिला पहिल्यापासून ठावं हाय. पारावर दोघांना सांगितलं, दुकानात सांगितलं. मग मोठमोठी पावलं टाकत घरात गेला आणि पाच वर्षांत मारली नव्हती अशी हाक त्यानं मारली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"दुर्गे, तहान लागली गं. पाणी दे."

मी दारातच होतो. ती परातीवरून उठली नाही. पिठाचा हात तिनं वर केला आणि बोट रांजणाकडं केलं.